आधीचा फोटो

४ डिसेंबर, दुकानातून

सूनबाई,

आशीर्वाद आहेतच. घ्यायचे की नाही ते तुझ्यावर सोडते.

आधी एकेकाची खुशाली विचारते, मग बाकीचं. तुझी मान कशी आहे? दिवसभर पडद्यासमोर बसून आखडते म्हणायचीस. शेक घेतेस ना, की उद्या-उद्या करतेस? टिकलीचा तो दात पडला का अजून लोंबतोय? परवा फोनवर "आजी"च्या जागी नुसती हवाच येत होती. तुझ्या आईचा गुडघा? त्यांना सांग, जिने चढताना चांगला पाय आधी आणि उतरताना दुखरा आधी, हे मी माझ्याच गुडघ्यांवर शिकले आहे. आणि आमचा खलाशी? त्याचं जहाज कुठल्या पाण्यात आहे ते तुलाच ठाऊक. मला तो "आई, जेवलीस का" एवढंच विचारतो आणि मी हो म्हणायच्या आत फोन तुटतो. मांजराचंही विचारते, नाहीतर टिकली रुसेल.

माझं म्हणशील तर डोळे शाबूत आहेत, देवाची कृपा. सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात जातो. बाकीचं शरीर जुन्या खुर्चीसारखं कुरकुरतं, पण बसता येतं.

तुला वाटेल, म्हातारीला पत्र लिहायची हौस कुठून आली. तू फोन घेत नाहीस. टिकली घेते, आणि तू मागे भांडी वाजवत असतेस ते मला ऐकू येतं. पोरीच्या हाती निरोप द्यायचा नाही असं ठरवलं. शिवाय फोनवर माझी जीभ आधी धावते आणि अक्कल मागून लंगडत येते. कागदावर निदान खोडता तरी येतं.

तर सांगायचं असं, की आपल्या रफूच्या दुकानाला तू करून दिलेली ती वेबसाइट चांगली चालली आहे. हे वाक्य लिहिताना मला पेन खाली ठेवून पाणी प्यावं लागलं, पण खोटं कशाला बोलू? तू पहिल्यांदा विषय काढलास तेव्हा मी म्हटलं होतं, हातच्या काकणाला आरसा कशाला? आणि तू म्हणालीस, "आई, काकण हातात आहे हे तुम्हाला माहीत. रस्त्यावरच्या माणसाला कसं कळणार?" मी तेव्हा कात्री आपटली होती. पण रस्त्यावरच्या माणसाला खरंच कळत नव्हतं गं. आपलं दुकान जिन्याच्या वळणावर, पाटी औषधवाल्याच्या दिव्यांच्या पाटीमागे झाकलेली. लोक खालच्या चावीवाल्याला विचारत वर यायचे, आणि तो कधी सांगायचा, कधी चेष्टा करायचा. आता लोक नकाशा बघून नीट वर येतात. सोमवारी कुणी फुकट जिना चढत नाही, कारण बंदचा वार तिथे लिहिलेला आहे. लांबून टपालाने कपडे येतात. एका वादकाचा काळा कोट आला होता, खांद्यावर वाद्य टेकून टेकून झिजलेला. तो माणूस मी जन्मात पाहिला नाही, बघणारही नाही, पण त्याचा खांदा मला पाठ झाला.

आणि ते दरांचं पान. भोकं मापाने लिहायची ही तुझी युक्ती: मटाराएवढं, बटणाएवढं, तळहाताएवढं. मी तेव्हा हसले होते. पण लाजऱ्या माणसाला त्याचा केवढा आधार! फाटका कपडा घेऊन दुकानात शिरायचं आणि "किती होतील" विचारायचं, आणि परवडत नसलं तर तोच फाटका कपडा काखेत मारून परत जिना उतरायचा. त्यापेक्षा घरी बसून आधी वाचावं. दार ठोठावायच्या आधी आत डोकावता येतं, हे काही थोडं नाही.

आता एक बारीकसं काम. "कामाचे नमुने" या पानावर एका निळ्या कोटाच्या बाहीचा फोटो आहे. तो काढून टाक. उजेड बरोबर पडलेला नाही, दुकानाला शोभत नाही. टाकला मीच, पण काढता येत नाही. काढायची सोय तू माझ्या फोनमधून बंद केलीस, आणि बरंच केलंस म्हणा. फोनची काच पुसता पुसता मी अख्खं दरांचं पान पुसून टाकलं होतं, तेव्हा लोकांना दोन दिवस आपलं दुकान फुकट चालतं असं वाटत होतं.

घाई नाही. पण जमल्यास लवकर काढ.

तुझी सासू


१५ डिसेंबर

सूनबाई,

पत्र पोचलं असेल असं धरून चालते. फोटो अजून तिथेच आहे. सकाळी दुकान उघडलं की आधी तोच बघते. दुखऱ्या दाताकडे जीभ जाते ना, तसं.

उजेडाचं मी लिहिलं ते खरं नव्हतं. उजेड चांगला होता. चांगला होता म्हणूनच घात झाला.

तो कोट शाळेच्या बाईंचा आहे. तू त्यांना ओळखत नाहीस, तू इथून गेल्यावर यायला लागल्या. एकट्याच राहतात, नोकरीची शेवटची वर्षं. कोट चांगल्या लोकरीचा, पण फळ्यावर लिहून लिहून उजव्या कोपराला आरपार गेलेला. बाहीच्या टोकाला एक बटण हिरवं, बाकी सगळी निळी. पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच म्हणाल्या, "ताई, मी याआधी खालूनच परत गेले होते. वर यायचं म्हणजे बाही दाखवावी लागणार. मग तुमच्या त्या पानावर दर वाचला आणि म्हटलं, जमेल." बघ. तुझ्या पानाने त्यांना वर आणलं.

आपली पद्धत तुला माहीत आहे. कपड्याच्याच आतल्या दुमडीतून धागे ओढून काढायचे, त्याच विणीने भरायचे, आणि गिऱ्हाइकाला म्हणायचं, शोधा. सापडलं तर पैसे नकोत. बाईंनी डोळे मिटून कोपरावर बोट फिरवलं, मग उघडे ठेवून फिरवलं, आणि हसत म्हणाल्या, "ताई, माझं भोक कुठे गेलं हो?" मी म्हटलं, "माझ्याकडे ठेवून घेतलं." त्यांना ते फार आवडलं. जाताना जिन्यात पुन्हा हसल्याचं ऐकू आलं.

आता चावीवाल्याचं ऐक. त्याने मध्यंतरी फोनवर आपले नमुने बघितले आणि वर येऊन म्हणतो, "काकू, हे रफूचं दुकान आहे की कोटांचं? सगळे कोट धडधाकट दिसतायत. यात तुम्ही केलंत काय?" मी म्हटलं, तेच तर केलं, बाबा, की दिसत नाही. तो म्हणाला, "मग न दिसणाऱ्या कामाचा फोटो म्हणजे मी उघड्या दाराचा फोटो लावून म्हणायचं, बघा, कुलूप मी उघडलं!" आणि स्वतःच्याच विनोदावर जिना उतरेपर्यंत हसला.

मला ते लागलं. जन्मभर मी हे काम कुणाकडून न शिकता, जुनी रफू उसवून उसवून शिकले, आणि फोटोत सगळं सपाट! काम सुरू करायच्या आधी विणीचा फोटो काढून ठेवायचा, ही तुझीच शिकवण, उसवल्यावर वीण विसरू नये म्हणून. तर बाईंच्या कोपराचा तसा फोटो माझ्या फोनमध्ये होता. भोक स्वच्छ, कडा विस्कटलेल्या, आणि शेजारी ते हिरवं बटण. मी तो टाकला आणि त्याच्या बाजूला भरल्यानंतरचा. वर लिहिलं, आधी आणि नंतर.

पुढचं सांगायला नको, पण सांगते. फोन वाजायला लागला. आणि बाईंच्या वर्गातल्या कुठल्याशा पोराच्या आईने तेच पान उघडलं, पोराने बटण ओळखलं. दुसऱ्या दिवशी फळ्यावर कोटाचं चित्र, कोपराला खिडकी, खिडकीतून डोकावणारं तोंड. "बाई, खिडकी लावून घ्या, वारा येतोय." चावीवाल्याची मुलगी त्याच वर्गात आहे, तिने घरी सांगितलं.

बाई दुकानात आल्या. अंगात कोट नव्हता, एवढ्या थंडीत नुसती पातळ शाल. विचारलं, "ताई, तो फोटो कुणी टाकला?" मी काहीतरी बोलले. त्या गेल्या.

कुणाच्या हातून झालं हे आता उगाळण्यात अर्थ नाही. तू तेवढा तो काढ. तुझा माझ्यावरचा राग बाजूला ठेव, बाईंनी तुझं काही बिघडवलेलं नाही.

तुझी सासू

टिकलीसाठी लोकरीच्या उरलेल्या धाग्यांचा उंदीर केला आहे. पत्राच्या पाकिटात बसेना. मांजराला मिळणार हे माहीत आहे, तरी केला.


२३ डिसेंबर

सूनबाई,

सकाळी बघितलं तर फोटो नाही. दोन्ही नाहीत, आधीचाही आणि नंतरचाही. मी फोन छातीशी धरून बसले. म्हटलं, उत्तर नाही लिहिलं पोरीने, पण माझी पत्रं वाचली. हेही उत्तरच. आनंदाने खाली जाऊन चावीवाल्याला चहा पाजला. तो म्हणाला, "काकू, कुणाला नातवंड झालं?"

दुपारी बाई आल्या.

दारातच उभ्या राहिल्या, आत काही आल्या नाहीत. म्हणाल्या, "ताई, तुमच्या सुनेला रागावू नका हं. तुम्ही सांगितलंत ना, सगळं तीच टाकते म्हणून, तर मी तिलाच लिहिलं, त्या संपर्काच्या चौकटीत. जरा कडकच लिहिलं. त्याच दिवशी तिचं उत्तर आलं. चूक माझी आहे, विचारायला हवं होतं, फोटो काढला आहे, मला क्षमा करा. एका शब्दाने सारवासारव नाही. चांगली मुलगी आहे. आजकाल कोण असं चटकन स्वतःवर घेतं?"

आणि मी सुई हातात धरून बसले होते, ती तशीच धरून राहिले.

तर आता तुला कळलेलंच मला कळलं. त्या चौकटीत लिहिलेलं माझ्याकडे येत नाही, तुझ्याकडे येतं. बाईंनी लिहिलं असेल, "तुमच्या सासूबाई म्हणाल्या की हे तुम्ही केलंत." ते तू वाचलंस. आणि माझं उजेडाचं पत्रही तुझ्याच समोर, आणि "कुणाच्या हातून झालं हे उगाळण्यात अर्थ नाही" हेही. दोन्ही शेजारी शेजारी ठेवून वाचलीस का गं? मी असते तर ठेवली असती.

मी नेमकं काय बोलले ते आता लिहिते, म्हणजे तुला बाईंच्या तोंडून कळलं त्यापेक्षा कमी नको. बाईंनी विचारलं, कुणी टाकला. मी म्हटलं, "मला मेलीला यातलं काय कळतंय? ते सगळं माझी सून बघते. तिकडे लांब बसून काय वाटेल ते टाकते. हल्लीच्या पोरी, विचारण्याची पद्धत नाही." हे शेवटचं मी जोरात म्हटलं, जणू तू जिन्यात उभी आहेस. नाचता येईना अंगण वाकडं असं मी दुसऱ्यांना किती वेळा ऐकवलं आहे. माझं अंगण तर सरळ होतं, तूच सारवून दिलेलं.

आणि एक आहे. तेही आज लिहून टाकते, नाहीतर पुढच्या पत्रात पुन्हा खोडत बसेन. फळ्यावरच्या चित्राचं चावीवाल्याने मला सांगितलं, ते बाई दुकानात यायच्या आधी. तेव्हाच तुला कळवता आलं असतं. टिकलीचा फोन त्या संध्याकाळीच आला होता. "आईला दे" एवढंच म्हणायचं होतं. मी म्हटलं नाही. दुकानाचा फोन सारखा वाजत होता, लोक म्हणत होते, तुमचा तो निळा कोट बघितला, कमाल आहे तुमच्या हाताची. मनात आलं, आठवडाभर राहू दे. पोरं काय, विसरतील.

भोक कुणाचं हे रफूवालीने बोलायचं नाही. हा नियम मला कुणी शिकवला नाही, मीच केला होता, आणि त्यावर मी टेचात राहत होते. झाकली मूठ म्हणतात, ती दुसऱ्याची होती, माझ्याकडे विश्वासाने दिलेली, आणि मी कौतुकापायी उघडली. वेबसाइटला यात बोल नाही. तिने आपलं काम केलं. दुकानाचं दार मोठं केलं, एवढंच. मोठ्या दारात उभं राहून काय ओरडायचं ते माझं मला कळायला हवं होतं.

बाई जात असताना मी हाक मारायला तोंड उघडलं. बाहेर आलं काय, तर "थंडी आहे, कोट घाला." त्यांनी मागे वळून बघितलं आणि जिना उतरून गेल्या.

म्हणजे अजूनही त्यांच्या लेखी ते तूच केलेलं आहेस. हे मला गिळवत नाही.

सासू


९ जानेवारी

सूनबाई,

तुझं पत्र नाही, ते योग्यच आहे. तरी लिहिते, कारण तुझी एक वस्तू माझ्याकडे परत आली आहे आणि ती तुला पोचवायची आहे.

मी बाईंच्या घरी गेले. जाऊ का नको, जाऊ का नको करत बरेच दिवस काढले. सर्दी झाली होती असं लिहिणार होते, पण सर्दी झाली नव्हती. एकदा त्यांच्या गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि पाव घेऊन परत आले. घरात पाव होता.

त्यांची एकच खोली आहे, पण नीट. खिडकीत वह्यांचे गठ्ठे, टेबलावर लाल पेन. कोट दाराच्या मागे टांगलेला, आतली बाजू बाहेर करून. अस्तर सगळं दिसत होतं. माणूस तोंड फिरवून उभा असतो तसा तो कोट दिसत होता. मी तिकडे बघितलेलं बाईंनी बघितलं.

"बसा ना, ताई."

मी उभीच राहिले. बसले असते तर हवापाण्याच्या गोष्टी केल्या असत्या, मी मला ओळखते. म्हटलं, "बाई, तो फोटो माझ्या सुनेने नाही टाकला. मी टाकला. या बोटाने. आणि तुमच्यासमोर तिचं नाव घेतलं तेही मीच. तिला तर माहीतही नव्हतं."

बाईंनी लाल पेनाला टोपण लावलं. मग म्हणाल्या, "मग तिने माफी का मागितली?"

"सासूला उघडं पाडायला नको म्हणून."

"तुमचं तिचं पटतं का फार?"

"नाही हो. महिनोन्महिने बोलत नाही ती माझ्याशी. नातीला घेऊन इथून निघाली तेव्हा चार माणसांत मी तिला म्हटलं, माझी माणसं नेलीस आणि वेबसाइटवरचे फोटो तेवढे ठेवून चाललीस. तिला इतकं लागलं की..." आणि इथे माझं नाक वाहायला लागलं, त्यामुळे पुढचं राहिलं.

बाईंनी मला रुमाल दिला नाही. पाणीही दिलं नाही. बरं झालं. दिलं असतं तर मी तेवढ्यावर भागवून घरी आले असते. त्या म्हणाल्या, "पोरं चिडवतात त्याचं मला विशेष नाही, ताई. पोरं दरवर्षी काहीतरी शोधतातच. एका वर्षी माझ्या नाकावरून होतं. आणि फाटक्या कोटाची लाज म्हणाल तर ती मी तुमच्या जिन्यात सोडली होती. पण भोक माझं होतं. ते मी तुमच्याकडे ठेवलं होतं. तुम्हीच म्हणाला होतात, माझ्याकडे ठेवून घेतलं म्हणून. मी किती लोकांना कौतुकाने सांगितलं ते वाक्य."

सूनबाई, मला कुणी थोबाडीत मारली असती तर मी गाल चोळत का होईना घरी आले असते. हे चोळायलाही कुठे नव्हतं.

मी म्हटलं, "यापुढे तुमचं काम मी जन्मभर फुकट करून देईन." त्यावर त्या एकदम बाई झाल्या, वर्गातल्या. "फुकट कशाला? दर लिहिलेला आहे ना पानावर? यायचंच झालं तर तो देऊन येईन. यायचंच झालं तर."

दारापर्यंत सोडायला आल्या. उंबऱ्यात म्हणाल्या, "तुमच्या सुनेला एक कळवा. तिची माफी मी परत करते आहे. ती तिची नव्हती."

तर ही घे. तीच ती वस्तू. जशी दिली तशी तुला पाठवते आहे, मध्ये काही कापलं नाही, काही जोडलं नाही. आणि तिच्या जागी माझी ठेवते. ती लहान आहे, वीणही वेडीवाकडी आहे, पण माझ्याच दुमडीतल्या धाग्याची आहे. मला क्षमा कर.

आता दुकानाचं. नमुन्यांचं पान रिकामं पडलं होतं. टपालाने कपडे पाठवणारे विचारायला लागले, काम बघायचं कुठे? त्यांचंही खरं. न बघता कोण अनोळखी माणसाकडे आपला कोट धाडेल? मी चार दिवस विचार करत होते, की दुसऱ्याचं भोक न दाखवता आपलं काम दाखवायचं कसं. आणि एका सकाळी दुकानात शिरताना माझा मरून रंगाचा स्वेटर, तू पहिल्या पगारात आणलेला, कडीला अडकला आणि कोपराला टर्र. काखेत कळसा आणि गावाला वळसा! भोक शोधत गावभर कशाला हिंडायचं, मी स्वतः आहे ना.

चावीवाल्याला वर बोलावलं आणि म्हटलं, काढ फोटो, तोंडासकट काढ, म्हणजे कुणाचं भोक आहे याबद्दल कुणाला शंका नको. तो म्हणाला, "काकू, हसा जरा." मी म्हटलं, कोपर फाटलेली बाई हसत नसते. तर म्हणतो, "आता दिसतंय हो रफूचं दुकान!" फोटोत मी कोपर पुढे करून उभी आहे, भांडायला निघाल्यासारखी. तो मी टाकला आहे. बघितलास का? खाली लिहिलं आहे: आधी. हे भोक दुकानाच्या मालकिणीचं आहे.

शेजारची जागा मोकळी आहे. "नंतर" असं नुसतं लिहून ठेवलं आहे. लोक फोनवर विचारतात, काकू, तुमचा स्वेटर कधी भरणार? मी म्हणते, होईल.

मुद्दाम भरलेला नाही. विणलेल्या कपड्याचे सुटलेले टाके उचलताना समोरून कुणालातरी तो ताणून धरावा लागतो, हे तुला माहीत आहे, तूच धरायचीस. चावीवाल्याला धरायला लावला तर तो कुलपासारखा पिळतो. मी तोच स्वेटर घालून दुकानात बसते. कोपराला थंडी लागते. लागू दे थोडी.

तुला एवढंच करायचं आहे, की दरांच्या पानाखाली एक ओळ घाल, ठळक अक्षरांत: तुमचं भोक आमच्याकडेच राहील, विचारल्याशिवाय कुणाला दाखवणार नाही. शब्द तुझ्या पद्धतीने नीट कर. आणि "आमच्याविषयी" या पानावर तू फक्त माझं नाव घातलं आहेस, ते माझ्या कधी ध्यानातच आलं नाही. तिथे तुझंही घाल. घालायचं नसेल तर नको, पण मग मला सांग तरी तसं.

हे पत्र पाकिटात घालणार होते, तेवढ्यात खिडकीतून खाली बघितलं. शाळा सुटली होती. बाई पलीकडच्या बाजूने जात होत्या, नेहमी या बाजूने जायच्या. वर बघितलं नाही. पण अंगात कोट होता, सरळ बाजूने घातलेला, हिरवं बटण लावलेलं. मी खिडकी उघडली नाही.

मानेला शेक घे. टिकलीचा दात पडला असेल तर जपून ठेव, मला बघायचा आहे. आणि मला लिही, लवकर लिही, दोनच ओळी लिही. फार नाही, कुठल्या गाडीने येतेस एवढंच कळव. स्वेटर तसाच ठेवला आहे.

तुझी,
फाटक्या कोपराची सासू